आयोडीनच्या खोलीत शिरलेली सासू

नर्सिंग शिकताना आमच्या बाई सांगायच्या, पेशंटच्या हातावर हात ठेवा, निम्मं दुखणं तिथंच हलकं होतं. नोकरीची शेवटची दहा-अकरा वर्षं मी सांगलीतल्या ज्या वॉर्डात काढली, तिथे मात्र पेशंटला हात लावायचीच बंदी होती. मी काय काम करते हे माझ्या सख्ख्या जावेलाही नीट सांगता आलेलं नाही. आयोडीनच्या वॉर्डात आहे म्हटलं की तिला वाटायचं, मी दिवसभर जखमांना ते तपकिरी औषध लावत बसते.

आमचं आयोडीन वेगळं. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची छोटी ग्रंथी असते. मिठातून, दुधातून पोटात गेलेलं आयोडीन ती स्वतःकडे ओढून घेते आणि त्यापासून एक रस तयार करते. अंगातली ऊब, नाडी, पोट, स्नायू, डोकं, सगळं त्या रसावर चालतं. या ग्रंथीचा कॅन्सर झाला तर ऑपरेशन करून ती काढतात, पण काही पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. मग तिच्या हावरेपणाचाच फायदा घ्यायचा. किरणोत्सर्ग करणाऱ्या आयोडीनची एक कॅप्सूल पेशंटला गिळायला द्यायची. उरलेल्या पेशी नेहमीचं आयोडीन समजून ते ओढून घेतात आणि आतल्या आत मरतात.

कॅप्सूल दिसायला साधी, सर्दीच्या औषधासारखी. मुंबईहून शिशाच्या जाड डब्यात बसून यायची. ती गिळल्यापासून दोन-तीन दिवस त्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडतात. घामातून, थुंकीतून, लघवीतून आयोडीन बाहेर येतं. म्हणून जाड भिंतींच्या, शिशाचा पत्रा घातलेल्या दाराच्या खोलीत त्याने एकट्याने राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, लिंबाची फोड चोखायची. आम्ही बाहेर बसून त्याला पडद्यावर बघायचं आणि माइकवरून बोलायचं.

तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितली. उंब्रजचे एक बागायतदार आम्ही नको नको म्हणत असताना मोबाइल आत घेऊन गेले आणि तिथून शेतातली मोटर चालू-बंद करायला गड्याला सूचना देत राहिले. जाताना मोबाइलवर किरण मोजायचा मीटर धरला तर तो बोलायला, म्हणजे कडकडायला लागला. त्यांच्या घामाच्या हातांनी फोन आयोडीनने माखला होता. तो आम्ही शिशाच्या कपाटात बंद केला आणि महिना-दोन महिन्यांनी या म्हणून सांगितलं. बागायतदार फोनकडे असे बघत होते, जणू पोराला बोर्डिंगात ठेवून चालले आहेत.

कॅप्सूलपेक्षा अवघड असते ती आधीची तयारी. पेशी आयोडीनला भुकेल्या असाव्यात म्हणून पंधरा दिवस आयोडीनचं मीठ, दूध, दही, अंडी बंद. हे मला समजावून सांगायला सोपं जायचं. आमचं जैन शेतकऱ्याचं घर, माझी आई आयंबिल करायची, म्हणजे बिनमिठाचं, बिनदुधाचं एकवेळचं जेवण. खरी परीक्षा पुढे असायची. ग्रंथी काढलेल्या माणसाला रोज थायरॉइडची गोळी लागते. ती आम्ही महिनाभर बंद करायचो. रस कमी पडला की मेंदू ग्रंथीला निरोप पाठवतो, काम कर म्हणून. त्या निरोपाला टीएसएच म्हणतात. ग्रंथी ऐकेना की मेंदू आवाज चढवत जातो आणि रक्तात तो आकडा वाढतो. निरोगी माणसात तो चार-पाचच्या आत असतो. आम्हाला तो तिसाच्या वर हवा असायचा, कारण त्याशिवाय उरलेल्या पेशी आयोडीन नीट ओढत नाहीत.

पण त्या महिन्यात माणूस पार विझून जातो. तोंड सुजतं, थंडी वाजते, एक वाक्य पुरं करायला वेळ लागतो. आणि पायांत गोळे येतात. पोटरीचा स्नायू दगडासारखा होतो आणि सुटता सुटत नाही. मिशा पिळणारे लोक मी त्या गोळ्यांनी रडताना बघितले आहेत.

सुवर्णा अशीच रडत आली होती. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं गाव. वय एकोणतीस, नवरा संतोष सैन्यात, तेव्हा तिकडे लडाखला. ऑपरेशनला तो होता, पुढे सुट्टी संपली. चार वर्षांची मुलगी माहेरी ठेवून ती सासूबरोबर आली होती.

सासूचं नाव मालन. एप्रिल महिना, सांगलीचं ऊन, वॉर्डातल्या पंख्याचीसुद्धा गरम हवा लागत होती, आणि या बाईच्या अंगात गळ्यापर्यंतचा सैन्यातला हिरवा स्वेटर. पोराचा असणार. त्यावर पदर घट्ट गुंडाळलेला. चेहरा फुगलेला, केस विरळ, आवाज पुरुषासारखा घोगरा. काही विचारलं की आधी माझ्याकडे बघत राहायची, मग उत्तर यायचं. मी तिला आजी म्हणायला लागले. 

सुवर्णाला कॅप्सूल दिली आणि दार लावलं. नियम मी दोघींनाही समजावले होते. मालनबाईंनी मान हलवली होती. नातेवाइकांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचं, त्या तिथे बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुवर्णाच्या दोन्ही पोटऱ्या आवळल्या. माइकवरून मी सांगत होते, पायाची बोटं स्वतःकडे ओढ, टाच लांब कर. तिला ऐकू येत होतं, पण वाकताच येत नव्हतं. ती कॉटवर आडवी होऊन ओरडत होती आणि तो आवाज स्पीकरमधून सगळ्या वॉर्डात येत होता. डॉक्टरमॅडमना फोन लावायला मी वळले. त्याच वेळी जेवणाची गाडी आत सरकवून, दार नुसतं लोटून आमचे वॉर्डबॉय मामा रिकामी भांडी आणायला गेले होते.

फोन ठेवून परत पडद्याकडे बघितलं. सुवर्णाच्या कॉटवर हिरवा स्वेटर बसला होता. सुनेचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन सासू पोटऱ्या रगडत होती.

इतक्या वर्षांत असं घडलं नव्हतं. दाराबाहेर लाल दिवा, किरणांच्या धोक्याचं चिन्ह, आडवी पट्टी, सगळं ओलांडून बाई आत गेली होती. मागून कळलं की मामांनी तिला दाराकडे जाताना बघितलं होतं. पण ती इतकी संथ चालत होती की ही कुठे पोचेल असं त्यांना वाटलंच नाही.

मी माइक ओढून ओरडले, आजी, आधी बाहेर या. त्यांनी सावकाश वर छताकडे बघितलं, जिथून आवाज येत होता तिथे.

“येते,” त्या म्हणाल्या. “येवढा एक गोळा मोडू दे.”

मी दारापर्यंत धावले, पण आत गेले तर किरण मलाही लागणार आणि गोळा मोडेपर्यंत त्या हलणार नव्हत्याच. मी पुन्हा पडद्यापाशी आले. मालनबाईंचे हात मला अजून दिसतात. उगाच सगळा पाय चोळत नव्हत्या. गुडघ्याच्या मागून अंगठा सरळ खाली आणला, एका जागी थांबल्या, तिथे दाबून धरलं, दुसऱ्या हाताने चवडा वर लोटला. सुवर्णाचं ओरडणं कण्हण्यावर आलं आणि मग थांबलं. नंतर दुसरा पाय. तो झाल्यावर त्यांनी सुनेच्या अंगावर चादर ओढली आणि आल्या तशाच चालत बाहेर आल्या.

तोवर डॉक्टरमॅडम आणि किरणोत्सर्गाचं मोजमाप बघणारे आमचे फिजिसिस्ट धावत आले होते. मालनबाईंच्या तळव्यांवर मीटर धरला आणि त्याची कडकड सुरू झाली. सुनेच्या पायांचा घाम त्यांच्या हातांवर होता. कोमट पाणी आणि साबण, पुन्हा मीटर, पुन्हा साबण. त्या स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघत होत्या आणि कुठे काय दिसत नाही म्हणत होत्या. मीटर स्वेटरवर आणला तर तोही बोलला, म्हणून तो काढून पिशवीत टाकला. मॅडम वयाने लहान, पण कडक. त्यांनी विचारलं, आत जाऊ नका असं सांगितलं होतं ना?

“सांगितलं हुतं,” मालनबाई म्हणाल्या. “पर तिला कुठं दुखतंय ते मला ठावं हाय. रोज रातीला माझंबी तसंच हुतंय की. सवयीनं कुठं दाबायचं ते कळतं.”

मला वाटलं, म्हातारपणाचं बोलणं. सगळ्याच म्हाताऱ्यांचे पाय दुखतात.

अशा वेळी आम्ही पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतो. हे साधं, निरुपद्रवी आयोडीन. ते आधी पोटात गेलं की ग्रंथीचं पोट भरतं आणि ती किरणांचं आयोडीन ओढत नाही. मॅडमनी गोळी हातात घेतली. पण ज्याच्या गळ्यात आधीच काही दोष आहे त्याला ती बाधू शकते, म्हणून आधी गळा बघायचा असतो. स्वेटर निघालेलाच होता. मालनबाई साडी-चोळीवर स्टुलावर बसल्या होत्या आणि एप्रिलच्या त्या भट्टीत त्यांचे दात वाजत होते.

मॅडम त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली, आवंढा गिळायला सांगितला. मॅडमचा चेहरा बदललेला मी बघितला. त्यांनी गोळी परत ट्रेमध्ये ठेवली. मग भुवया बघितल्या, त्यांचा बाहेरचा भाग नव्हताच. कोपराची कातडी बघितली, ती वाळलेल्या चिंचेसारखी. शेवटी छोटी हातोडी मागवली, मालनबाईंना खुर्चीवर गुडघे टेकवायला लावले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच मारलं. आपला पाय अशा वेळी पटकन झटका देऊन जागेवर येतो. मालनबाईंचं पाऊल झटकलं, आणि मग परत यायला इतका वेळ लागला की मी खाली वाकून बघत राहिले.

रक्त घेण्याआधी मॅडमनी वय विचारलं. मालनबाई नेहमीप्रमाणे थांबल्या.

“एक्कावन्न,” त्या म्हणाल्या.

 मला वाटलं त्या चुकल्या असतील. मी आधार कार्ड मागितलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढून दिलं. खरंच होतं. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते, केस रंगवत होते, स्कूटीवरून कामाला येत होते आणि माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान बाईला दोन दिवस आजी म्हणत होते. तिचा सुजलेला, थकलेला चेहरा मी सत्तरीचा धरला होता.

रिपोर्ट आला त्यात आकडाच नव्हता. शंभराच्या पुढे मशिन मोजत नाही, तेवढंच लिहिलं होतं. ज्या टीएसएचला तिसाच्या वर न्यायला आम्ही पेशंटला महिनाभर छळतो, तो या बाईच्या रक्तात मशिनलाही पेलत नव्हता. तिच्या शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करून ती हळूहळू निकामी केली होती. दुसऱ्या दिवशी गळ्यावर मीटर धरला तर काहीच विशेष आलं नाही. फिजिसिस्ट म्हणाले, कारखानाच बंद आहे सिस्टर, ऊस आत जाणार कसा?

मॅडमनी कधीपासून होतंय विचारलं. मालनबाईंनी आठवून सांगितलं ते संतोषच्या शाळेच्या हिशोबाने. तो पहिली-दुसरीत असताना पाय गोळ्याने धरायला लागले. म्हणजे वीस वर्षांच्या वर. त्याच सुमाराला झोप वाढली. भात लावताना त्या बांधावर बसल्या की तिथेच डोळा लागायचा. जावा भराभर वाफा उरकायच्या, ही मागे. डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या असं नाही. बाजाराच्या दिवशी सुई घ्यायच्या. कुणी कॅल्शियम दिलं, कुणी गुडघ्याचा फोटो काढला, कुणी मलम दिलं. गळ्याला कुणी हात लावला नाही.

मी हे सगळं लिहून घेत होते. दाराच्या आतली तरणी पोर एका महिन्यात रडकुंडीला आली होती. तिची अवस्था काय होते हे आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही दिवस मोजून तिची गोळी परत सुरू करणार होतो. दाराच्या बाहेरची बाई त्याच अवस्थेत शेतात राबली होती, पोर वाढवलं होतं, ते सैन्यात धाडलं होतं. आणि आमच्या वॉर्डाच्या बाकावर, थायरॉइड हाच एक शब्द दिवसभर ऐकू येतो त्या जागी, ती दोन दिवस स्वेटर घालून बसली होती. आम्ही तिच्यासमोरून ये-जा करत होतो.

मॅडमनी त्यांना समजेल असं सांगितलं. गळ्यातल्या या गाठीतून जो रस पाझरायचा तो आटलाय, म्हणून थंडी, म्हणून झोप, म्हणून पायातले गोळे, म्हणून हातपाय उचलत नाहीत. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, आयुष्यभर. आधी हृदय तपासू, मग थोडी देऊ आणि हळूहळू वाढवू, एकदम दिली तर हृदयाला झेपणार नाही.

मालनबाईंनी ऐकून घेतलं. इतका वेळ गप्प राहिल्या की मॅडमना वाटलं समजलं नाही, त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. तेव्हा मालनबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मंजी मी आळशी न्हवते,” त्या म्हणाल्या.

तो प्रश्न नव्हता. मॅडम म्हणाल्या, नाही, तुम्ही आजारी होता. मालनबाईंनी पुन्हा एकदा तेच वाक्य म्हटलं, स्वतःशी, जणू चव बघत होत्या. रडल्या नाहीत. चेहऱ्यावर काही हललंही नाही. मॅडम मात्र खिडकीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

सुवर्णा दोन दिवसांनी बाहेर आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी सासूकडे आणि मग खाली बघत राहिली. घरी सगळे त्यांना काय म्हणायचे हे तिनेच मला हळू आवाजात सांगितलं. घरधनी, म्हणजे सुवर्णाचे सासरे, होते तोवर पाहुण्यांसमोरसुद्धा ‘आमची म्हस’ म्हणून हाक मारायचे. ते वारून सात-आठ वर्षं झाली होती. सुवर्णा लग्न होऊन आली तेव्हा तिलाही सासूच्या जावांनी हेच सांगितलं होतं की सासू मंद आहे, कामाची आशा धरू नकोस.

सहा-सात महिन्यांनी सुवर्णा तपासणीच्या स्कॅनसाठी आली. ती मशिनखाली असताना एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. रंगाने सावळी, सडपातळ, डोळे धारदार. म्हणाली, वळखलं न्हाई व्हय? आवाजही वेगळा होता, स्पष्ट आणि बाईमाणसाचा. मी ओळखलं नव्हतंच. मालनबाई आहेत हे कळल्यावर मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

गोळे गेले होते. थंडी गेली होती. संतोषने लडाखहून फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, आईला फोन द्या. मीच बोलतेय म्हटल्यावर त्याला पटेना, म्हणून त्यांनी त्याच्या लहानपणीची एक खोडी सांगितली, तेव्हा कुठे त्याला पटलं. हे सांगताना त्या हसल्या. सुवर्णाने मात्र मागून तक्रार केली की आत्या, म्हणजे सासूबाई, पहाटेपासून सगळ्यांना उठवतात आणि कुणाचं ऐकून घेत नाहीत. गावकीत भावकीत दोन भांडणंही झाली होती. जावेने जुन्या सवयीने काहीतरी म्हटलं, त्यावर मालनबाईंनी तिला सगळ्यांसमोर वीस वर्षांचं ऐकवलं होतं.

मी म्हटलं, बरं झालं मालनताई, आता सगळं छान आहे. त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. सुवर्णा अजून आतच आहे ना ते वळून बघितलं.

मग त्यांनी जे सांगितलं त्याला मी तयार नव्हते. नवरा गेला तेव्हा त्यांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. दहा दिवस माणसं येत होती, बायका गळ्यात पडत होत्या, आणि या भिंतीला टेकून बसून होत्या. काही वाटतच नव्हतं. बाई दगडाची आहे असं गाव म्हणालं, आणि त्यांनाही ते खरंच वाटलं. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या, घरात कुणी नव्हतं, आणि एकाएकी हुंदका आला. तो थांबेचना. पीठ परातीत तसंच राहिलं.

“इतक्या वर्सानं मला त्यास्नी रडू आलं,” त्या म्हणाल्या. “आन रडता रडता त्येंच्यावर असला राग आला म्हणता, समोर असतं तर परात फेकून मारली असती. म्हस म्हणायचं मला. ही बी गोळीनंच व्हय सिस्टर?”

तीस-पस्तीस वर्षं मी गोळ्या वाटल्या आहेत. कोणती गोळी किती वेळात काय करते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आठ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं दुःख एका गोळीने जागं होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी कसंबसं म्हटलं, हो, गोळीनेच असेल. त्रास होत असेल तर मॅडमना सांगू का, थोडी कमी करता येते का बघतील.

मालनबाईंनी मान हलवली.

“नगं,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या. अजून लय रडायचं राह्यलंय.”

आतून सुवर्णा आली. स्कॅनमध्ये कुठेही काही उरलेलं नव्हतं. तिने ते सांगितलं तेव्हा मालनबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर, मोठ्याने रडायला लागल्या. सुवर्णा घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, रडू दे त्यांना.